थेंबबाई

विद्यार्थी त्यांना पाठीमागे थेंबबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि चालतही होतं. नवा कोणी प्रयोगशाळेत आला आणि इथे नेमकं काय चालतं असं विचारू लागला, की बाई काचेच्या दोन पट्ट्या काढायच्या. एक स्वच्छ धुतलेली, दुसरीला मेण चोळलेलं. दोन्हींवर एकेक थेंब सोडायच्या. स्वच्छ काचेवर पाणी पसरायचं, मेणावर गोळा होऊन बसायचं. "पाणी तेच आहे," बाई म्हणायच्या, "भिंत कशी आहे त्यावर सगळं. आमच्याकडे पाण्याच्या जागी चुंबक आहेत, एवढंच." मग पट्ट्या पुसून जागेवर ठेवायच्या. व्याख्यान संपलं.

मी त्याच इमारतीच्या तळघरात टर्नर होतो. लेथवर एकतीस वर्षं काढली. बाईंच्या यंत्राचे निम्मे भाग माझ्या हातचे. त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगायचं तर माझ्याबद्दलही थोडं सांगावं लागेल. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

बाई शिकलेल्या फार नव्हत्या. शाळा झाल्यावर विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात लागल्या आणि तिथे दहा वर्षं दिव्यांतली हवा काढायच्या पंपांवर होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. घरी थोरली बहीण, अक्का, संधिवाताने खुर्चीला खिळलेली. आईवडील कधीच गेलेले. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघी राहायच्या. बाईंच्या साडीला कायम रबराचा वास यायचा आणि इतरांना तो येत नाही असं त्यांना वाटायचं.

सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, त्यांना कामावर घेतलं ती गोष्ट संस्थेत सगळे सांगत. सरांच्या चेंबरमधून हवा गळत होती. चेंबर म्हणजे पिंपाएवढं पोलादी भांडं, त्याच्या आत हवेचा कणसुद्धा नको. तीन पदवीधर आठवडाभर गळती शोधून थकले होते. बाई मुलाखतीला आल्या होत्या कारकुनाच्या जागेसाठी. दारातून पंपाचा आवाज ऐकून म्हणाल्या, "हा पंप दमलाय." सर हसले आणि म्हणाले, "मग त्याला बरं करा." बाईंनी स्पिरिटमध्ये ब्रश बुडवला, एकेका सांध्यावरून फिरवत गेल्या आणि नजर मापकाच्या काट्यावर ठेवली. अर्ध्या तासात एका सांध्याशी काटा उडाला. दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर. कारकुनाची जागा रिकामीच राहिली.

सरांचे उपकार त्या कधी विसरल्या नाहीत. खरं तर उपकार दोन्हीकडून होते, पण ते मोजायची त्यांची पद्धत नव्हती.

आता कामाचं सांगतो, मला जेवढं कळलं तेवढं. चेंबरमध्ये लोखंड इतकं तापवायचं की त्याची वाफ व्हावी. ती वाफ वर टांगलेल्या नखाएवढ्या चकतीवर जाऊन बसते आणि कणावर कण चढून पातळ पापुद्रा वाढत जातो. चकतीवर बारीक चर कोरलेला असतो. त्याच्या डाव्या भिंतीजवळ बसणारे कण आपलं चुंबकत्व वरच्या बाजूला करतात, उजव्या भिंतीजवळचे खालच्या बाजूला. भिंती तशा तयारच केलेल्या असतात. मग मधे कुठेतरी दोन्ही जमातींची सीमा लागणारच. सरांचा सगळा प्रश्न असा, की ती सीमा बसते कुठे. गारव्यात ती एखाद्या भिंतीला चिकटून राहते. ऊब वाढवत नेली की एका तापमानाला भिंत सोडते आणि चराच्या मधोमध हिंडू लागते. स्थिर पदार्थांत हे कसं होतं ते पुस्तकांत होतं. पण पापुद्रा वाढत असताना? तिथे प्रत्येक नवा कण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघून दिशा ठरवतो, आणि एकदा बसला की बसला. वरून दुसरे कण आले की त्याला मत बदलता येत नाही. अशा पापुद्र्यात सीमा भिंत कधी सोडते, हे सरांना मोजायचं होतं.

त्यात त्यांची वीस वर्षं गेली, म्हणजे बाईंचीही गेली.

शेवटची काही वर्षं सरांचे डोळे अधू होत गेले. नजरेच्या मधोमधच डाग. समोरच्याचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. पापुद्र्याचं चित्र खास सूक्ष्मदर्शकाखाली काळंपांढरं दिसतं. वरच्या दिशेचा भाग पांढरा, खालच्या दिशेचा काळा. ते चित्र सरांना दिसेना. तेव्हा बाई चित्र समोर धरून वाचून दाखवायच्या. "सीमा भिंतीपासून इतकी दूर आहे सर. वरच्या टोकाला जरा आत वळलीय." सर डोळे मिटून ऐकायचे, आकडा लिहवून घ्यायचे. चाळीस पापुद्र्यांची ती मोजणी पुरी झाली, लेख छापला गेला आणि सरांचं नाव झालं. वाढत्या पापुद्र्यात सीमा फार वरच्या तापमानाला भिंत सोडते, असा निष्कर्ष होता. कोणी अपेक्षा केली नव्हती इतक्या वरच्या. परदेशातून बोलावणी आली. सर बाईंना म्हणाले, "डोळे तुझे आणि नाव माझं." बाईंनी ते वाक्य घरी जाऊन अक्काला सांगितलं. अक्काने मला सांगितलं.

दोन वर्षांनी एक पत्र आलं. ते सरांना नव्हतं, बाईंना होतं. दूरच्या एका संस्थेतल्या तंत्रज्ञाचं. त्याच्या साहेबांनी हाच प्रयोग उभा केला होता आणि सरांचा आकडा त्यांना मिळत नव्हता. सरांनी त्यांच्या साहेबांना कळवलं होतं, की तुमचं निर्वात गलिच्छ आहे, आधी ते सुधारा. त्या तंत्रज्ञाने लिहिलं होतं, "मी चेंबर सहा वेळा उघडून धुतलं. प्रत्येक सांधा तपासला. माझं काय चुकतं हे तुम्ही सांगू शकाल असं वाटलं, कारण तुम्हीही हेच काम करता."

बाई ते पत्र घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, हा माणूस आपल्यातला आहे. याला नीट उत्तर द्यायला हवं."

त्याला मदत करायची म्हणून त्यांनी जुन्या चाळीसच्या चाळीस पापुद्र्यांची चित्रं काढली आणि टेबलावर एकाशेजारी एक मांडली. आजवर त्या ती एकेक करून बघत आल्या होत्या. एकत्र कधी पाहिलीच नव्हती. सकाळचे अकरा वाजले असतील. मी एक झडप बसवायला वर गेलो होतो. बाई टेबलाशी उभ्या होत्या, हात मागे बांधून.

"मिस्त्री, इकडे या. काय दिसतं?"

मी बघितलं. "काळंपांढरं दिसतं."

"सीमा कुठल्या भिंतीला आहे?"

"डाव्या."

"आणि या चित्रात?"

"डाव्या."

"सगळी बघा."

सगळी डावीच होती. जिथे सीमा भिंतीला चिकटली होती, तिथे डाव्याच भिंतीला चिकटली होती. बाई म्हणाल्या, "दोन्ही भिंती सारख्याच जोराच्या आहेत. मग कधी डावी, कधी उजवी यायला हवी. नाणं इतक्या वेळा उडवलं आणि दर वेळी छापाच पडला तर नाण्यात खोट असते." सीमा भिंतीपासून किती दूर एवढंच त्या सरांना सांगत आल्या होत्या. कुठल्या भिंतीपासून, हे सरांनी विचारलं नव्हतं आणि त्यांच्या मनात आलं नव्हतं.

म्हणजे आत कुठूनतरी वेगळं चुंबकत्व येत होतं आणि सीमेला एका बाजूला ढकलत होतं. बाईंनी पंप बंद केले, चेंबर उघडलं आणि चकती धरायची बैठक बाहेर काढली. चकतीला ऊब देणारी तार त्या बैठकीत गुंडाळलेली असते. विजेच्या तारेभोवती चुंबकत्व तयार होतं, म्हणून ती तार दुहेरी करून गुंडाळायची असते. जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी शेजारी राहिले की एकाचं चुंबकत्व दुसरा मारतो. बाईंनी झाकण काढलं. तार एकेरी होती.

ती बैठक मला दाखवून त्यांनी विचारलं, "ही कोणी गुंडाळली?"

मी गुंडाळली होती. मोजणी सुरू व्हायच्या आधी जुनी तार जळाली. दुहेरी करायला माझ्याकडची तार पुरत नव्हती, नवीन यायला तीन आठवडे लागले असते आणि सर घाई करत होते. नकाशात दुहेरी लिहिलेलं मी वाचलं होतं. मनाशी म्हटलं, तापायचं काम आहे, कशीही गुंडाळली तरी तापेलच. झाकण लावून वर पाठवून दिली.

"आठवत नाही," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा विचारलं नाही. "तपासून घ्यायचं काम माझं होतं," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी त्या सरांकडे गेल्या. मी झडप बसवत बाजूच्याच खोलीत होतो, मधे नुसता पडदा होता. बाईंनी सगळं सरळ सांगितलं, काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. ऐकून झाल्यावर सरांनी विचारलं,

"तार कोणी बसवली?"

"माहीत नाही, सर. वर्कशॉपमधून आली. ती तपासायची मला होती, मी तपासली नाही."

"वर्कशॉपला विचारलंस?"

"विचारलं. त्यांना आठवत नाही."

मी पान्हा हातात धरून उभा होतो. दोन पावलं टाकली असती तर पडद्यापलीकडे गेलो असतो.

"नव्याने कर," सर म्हणाले. "तार नीट गुंडाळून घे आणि सगळं नव्याने कर. तोवर कुणाजवळ ब्र काढायचा नाही. त्या पत्रवाल्याजवळही नाही."

त्यात गैर काही नव्हतं. खात्री न करता कोण चूक कबूल करतं? नवी तार मीच गुंडाळली, दुहेरी, नकाशाबरहुकूम. बाईंनी या वेळी दिव्याखाली धरून एकेक वेढा मोजला. मी समोर उभा होतो. मला ते लागलं, आणि तसं म्हणायला मला तोंड नव्हतं.

नव्या मोजणीला पाच महिने गेले. बाई डोळ्यांत तेल घालून काम करत. अक्काची तब्येत त्याच दिवसांत ढासळली. बाई दुपारच्या सुट्टीत घरी धावत जाऊन तिला भरवून परत येत. पापुद्रे तयार झाले. सीमा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, जवळपास निम्मी निम्मी. आणि भिंत सोडायचं तापमान सरांच्या आकड्यापेक्षा कितीतरी खाली आलं. दूरच्या त्या तंत्रज्ञाला मिळत होतं, जवळजवळ तिथेच. त्याचं चेंबर स्वच्छ होतं.

बाईंनी निकाल वाचून दाखवला तेव्हा सर म्हणाले, "मला निवृत्त व्हायला एक वर्ष उरलंय."

"हो, सर."

"वर्षाने मीच जाहीर करेन. माझ्या हाताने."

"त्या माणसाला रोज बोलणी बसत असतील, सर. त्याचं काहीच चुकलेलं नाही."

"एका मिस्त्रीसाठी मी माझं नाव मातीत घालू?"

बाई म्हणाल्या, "मीही मिस्त्रीच आहे, सर."

हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. आवाज चढवून म्हटलं नव्हतं, म्हणाल्या. सर खिडकीकडे तोंड करून बसले आणि त्या उठून आल्या.

आठवडाभर त्यांनी वाट पाहिली. मग दोन पत्रं लिहिली. एक त्या तंत्रज्ञाला, एक लेख छापणाऱ्या मासिकाला. दोन्हीत खरं तेच. मासिकाने सरांकडे विचारणा केली. सरांना दुसरा मार्ग राहिला नाही. दुरुस्ती छापून आली, आठ ओळींची. त्यात एक ओळ होती, "तांत्रिक कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे". बाईंनी ती वाचली, घडी घातली आणि पिशवीत ठेवली. संस्थेने त्यांची बदली काचसामानाच्या कोठारात केली. बावीस वर्षं चेंबर सांभाळलेली बाई बुडाला तडा नाही ना हे बघून चंचुपात्रं मोजून द्यायला लागली. कोठाराला खिडकी नव्हती.

त्या तंत्रज्ञाला लिहिलेल्या पत्राचं उत्तर त्याच्या जागी आलेल्या माणसाने पाठवलं. ते गृहस्थ तीन महिन्यांपूर्वी काम सोडून गेले, सध्याचा पत्ता आमच्याकडे नाही. म्हणजे इथे मोजणी चालू होती तेव्हाच तो गेला होता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच. बाईंनी पत्र मला वाचायला दिलं. "लगेच लिहिलं असतं तर," त्या म्हणाल्या आणि वाक्य तसंच सोडून दिलं. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या हातातली चंचुपात्रं मोजत राहिल्या.

त्याच वर्षी अक्का गेली. सर भेटायला आले नाहीत. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा येऊन गेल्या आणि दारातूनच परतल्या. सर निवृत्त झाले तेव्हा समारंभ झाला. बाईंना बोलावणं सगळ्यांबरोबर होतं, फलकावर लावलेलं. त्या गेल्या, शेवटच्या रांगेत बसल्या. सरांनी भाषणात अनेकांचे आभार मानले. त्यांना शेवटची रांग दिसण्याचा प्रश्नच नव्हता, पण ती भरलेली आहे हे त्यांना ठाऊक असणार.

पुढच्या वर्षी सर वारले. बाई मला म्हणाल्या, "जायला हवं. तुम्ही येता का?" दोघं गेलो. वहिनींनी बसायला सांगितलं. घरात माणसं कमी होती. वहिनी बाईंना म्हणाल्या, "रागाने नाही विचारत. ते शेवटपर्यंत हेच बोलत होते. तार तिनेच गुंडाळली होती, आणि इतकी वर्षं एकत्र काम करून तिला मला खरं सांगवलं नाही, वर्कशॉपवर ढकललं. चूक झाली म्हणून नाही, खोटं बोलली म्हणून त्यांना लागलं होतं."

"मी नव्हती गुंडाळली, वहिनी," बाई म्हणाल्या.

"मग कोणी?"

"मला माहीत नाही."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. तरीही मी मूग गिळून बसलो.

बाहेर पडल्यावर रस्त्याने दोन चौक आम्ही चाललो. तिसऱ्या चौकात गाड्यांसाठी थांबलो तेव्हा मी म्हणालो, "बाई, ती तार मी गुंडाळली होती."

त्यांनी मान वळवली नाही. "मला वाटलं होतं तसं."

"तार कमी होती. मला वाटलं..."

"काय वाटलं ते नका सांगू."

रस्ता मोकळा झाला होता. आम्ही दोघंही हललो नाही.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "मी विचारलं तेव्हा सांगितलं असतं तर सर दोन दिवस ओरडले असते. वर्कशॉपच्या चुकीला कोण धरून बसतं? तार बदलली असती आणि काम पुढे गेलं असतं. माझ्यावर त्यांचा विश्वास राहिला असता. आता तुम्ही मला सांगताय. मी कोणाला सांगू?"

"मी परत जाऊन वहिनींना सांगतो."

"जा," त्या म्हणाल्या.

मी गेलो. वहिनींनी ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाल्या, "आता कशाला आलात?" त्यांनी दार लावलं तेही हळू, माणूस झोपलेल्या घराचं लावावं तसं.

बाई मग चार वर्षं कोठारातच राहिल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. चेंबर भंगारात गेलं. त्याचे पितळी भाग काढायचं काम वर्कशॉपकडेच आलं, ते मी केलं. वाढत्या पापुद्र्यांवर आता दुसरीकडे कुठे कुठे काम चालतं असं ऐकतो. त्यांच्याकडे खरा आकडा आहे. तो कुणाच्या हातून निघाला हे त्यांना कळायचं कारण नाही.

मी गुरुवारी बाईंकडे जातो. टायरचं दुकान अजून आहे. त्या दार उघडतात, चहा करतात, गुडघ्यांबद्दल बोलतो, कोण गेलं कोण राहिलं त्याबद्दल बोलतो. त्यांनी मला कधी येऊ नका म्हटलं नाही, आणि या असंही कधी म्हटलं नाही. तासाभराने मी उठतो. त्या जिन्यापर्यंत येतात, दिवा लावतात आणि मी खाली पोचेपर्यंत वर उभ्या राहतात, कारण चौथी पायरी मोडलेली आहे.